सातमोडीच्या घाटीं पालट जाहली त्याची बखर

श्री चक्रधर प्रसन्न. ज्याचे बोटावर पहिलें चाक फिरलें त्यास दंडवत घालून, आणि ज्यांचे बोटांस आतां चाक ठाऊक नाहीं, केवळ कळ दाबणें ठाऊक आहे, त्यांस चार शब्द ऐकवावे या हेतूनें, शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासीं घडलें तें वर्तमान येथें लिहिलें आहे. वाचणारानें मन देवोन वाचावें. मध्येंच जांभई देऊं नये.

करंजवणे घराण्याचे मूळ पुरुष सुभानजीबावा. राज्यांत पहिली मोटार आली तेव्हां हत्ती बुजाले, घोडे उधळले, कारभारी देवळांत जाऊन बसले. आणि सुभानजीबावा तबेल्यांत घोड्यास खरारा करीत होते ते हात पुसोन पुढें आले, मोटारीचे बॉनेटावर थाप मारिली, जनावर समजोन तिची खोड काय म्हणोन विचारिलें, आणि आठवड्याचे आंत सरकारस्वारीस बसवोन तळ्यास प्रदक्षिणा करविली. त्यांचे पुत्र रायाजीबावा. यांनीं चिखलाची शर्यत वसविली. भातखाचरें कापोन रिकामीं जाहलीं म्हणजे त्यांत मोटारी घालोन धांवाव्या, आणि स्वार घरीं आला म्हणजे बायकोनें त्यास आवाजावरोन ओळखावें, तोंडावरोन नव्हे. त्यांचे पुत्र मल्हारराव. यांनीं डांबरी फेऱ्याची, म्हणजे चक्रीची शर्यत, आणि घाटाची शर्यत, अशा दोन्ही गाजविल्या, आणि पागेंत घोडे होते तेथें मोटारी उभ्या केल्या, तरी पागेचें नांव पागाच ठेविलें आणि मोटार हांकणारास स्वारच म्हटलें. मल्हाररावांस पुत्र नव्हता. भाऊबंद दत्तकाचें बोलणें घेवोन आले, फराळ केला, ढेंकर दिला, आणि आपापलीं पोरें पुढें केलीं. मल्हारराव म्हणाले, "दत्तक घेतों. पण आधीं त्यानें आमचे द्वारकीस घाटांत गांठावें." कोणी गांठिलें नाहीं. मग पागेची चावी कन्येचे कमरेस लागली. त्या या द्वारकाबाईसाहेब, ज्यांची ही कथा.

बाईसाहेबांचे ऐन उमेदींत सातमोडीचे घाटीं शर्यत जाहली. घाटास सात मोडी, म्हणजे सात वळणें, आणि माथ्यावर देवीची पायरी. पायरीस जो प्रथम पोंचेल त्याचे घरीं मानाची ढाल जावी ऐसा दंडक. त्या समयीं सोनगिरकर घराण्याचे बळवंतराव पुढें होते आणि बाईसाहेब त्यांचे पाठीस. सहावे मोडीस बाईसाहेबांनीं घाई केली, ब्रेक उशिरा दाबिला, आणि मोटार कठडा फोडोन अर्धी दरीवर लोंबली. बळवंतराव आरशांत पाहतात तों मागें धूळ आहे, मोटार नाहीं. माथा नजरेंत होता, ढाल हातीं आल्यासारखीच होती, तरी त्यांनीं मोटार थांबविली, मागें घेतली, दोर लाविला, आणि बाईसाहेबांची मोटार ओढोन रस्त्यावर आणिली. बाईसाहेब दार उघडूं लागल्या तों बळवंतराव म्हणाले, "उतरतां कशाला, बाई? शर्यत संपली नाहीं." आणि आपले मोटारींत बसोन चावी फिरविली, तों ओढाओढींत इंजिन तापोन गेलें होतें, तें चालू होईना. बाईसाहेब थांबल्या. बळवंतरावांनीं खिडकींतून हातानेंच, जा, म्हणोन खूण केली. बाईसाहेब गेल्या आणि पायरीस प्रथम पोंचल्या आणि ढाल करंजवण्यांचे दिवाणखान्यांत आली. लोकांनीं गुलाल उधळिला. बाईसाहेबांनीं तो त्याच संध्याकाळीं धुवोन टाकिला, आणि दुसरे दिवशीं ढाल रेशमांत गुंडाळोन सोनगिरकरांकडे पाठविली. ती जैसी गेली तैसी परत आली, आणि निरोप आला कीं, "शर्यतींत गेली ती शर्यतींतच येईल. आम्ही दान घेत नाहीं." पुढेंही दोन वेळां पाठविली, दोन वेळां परत आली. तेव्हांपासोन बाईसाहेब ती ढाल भिंतीवर न लावितां, तोंड भिंतीकडे करोन जमिनीवर ठेवीत, आणि येणारा जाणारा पुसे, तर म्हणत, "दुसऱ्याची वस्तु आहे. न्यावयास येणार आहेत."

परंतु न्यावयास येणार कैसे? त्याचीच ही हकीकत. कारण मध्यंतरीं राज्यांत यंत्रांचा सुकाळ जाहला आणि शर्यतीचा दुष्काळ पडला. आधीं चक्रीची शर्यत बाटली. स्वाराचे कानांत कर्णपिशाच बसविलें, तें दूर मांडवांत बसलेल्या कारकुनांचे जिभेनें बोलावें कीं, आतां दाब, आतां सोड, आतां टायर जप, आतां पाणी पी. आणि स्वारानें, जी, म्हणावें. मग मोटारीस पंख लाविले, कीं मागील मोटारीनें ठराविक जागीं कळ दाबावी, पंख उघडावा, आणि व्याह्यास वाट द्यावी तैसी पुढील मोटारीनें वाट द्यावी. पुढें जाणें हा पूर्वीं पराक्रम होता, तो सवलत होवोन बसला. मग चिखलाची शर्यत बाटली. चाक घसरूं लागलें कीं यंत्रानेंच त्यास आवरावें, ऐसी तजवीज केली. जेथें घसरावयाचेंच नाहीं तेथें चिखल कशास कालविला, हें विचारावयाची कोणास लाज वाटली नाहीं. आणि सर्वांवर कळस म्हणजे भाकितयंत्र. शर्यतीचे सकाळीं मोटारींचीं वजनें, इंजिनांचे जोर, हवेचा ओलावा, ऐसें सर्व त्यांत घालावें, आणि त्यानें पडद्यावर विजेत्याचें नांव लिहावें. आणि दुपारीं तोच जिंकावा, आणि दरबारानें टाळ्या वाजवाव्या, कीं यंत्र खरें ठरलें. स्वार खरा ठरला काय, हें कोणी पुसेना. ज्यांच्या पागा थोर त्यांनीं थोर यंत्रें आणिलीं, आणि सोनगिरकरांची पागा बेताची, ती मागें मागें पडत गेली, इतकी कीं त्यांचे मोटारीचें नांव भाकितयंत्र पडद्यावर लिहीतसुद्धां नव्हतें. करंजवण्यांचे पागेंतही जांवयांनीं आणि कारभाऱ्यांनीं यंत्रें आणोन बसविलीं. बाईसाहेब पाहत राहिल्या. त्यांचे मनांत एकच बोच होती. बळवंतराव म्हातारे जाहले, आपणही म्हाताऱ्या जाहलों, आणि जेथें निकाल सकाळींच लागतो तेथें त्यांची ढाल त्यांस शर्यतींत परत कैसी मिळावी? एक घाटाची शर्यत तेवढी जुन्या रीतीनें उरली होती, जरी तेथेंही जोरदार मोटारींपुढें सोनगिरकरांचें चालत नव्हतें. त्या आशेवर त्या होत्या.

ती आशाही त्या वर्षीं तोडूं पाहिली. कार्तिकांत दरबार भरला आणि यंत्रप्रधान सदानंदपंत उभे राहिले. पंत विद्वान, परदेशीं शिकोन आलेले, बोलणें तूप लावल्यासारखें. ते म्हणाले, "सरकार, घाटाची शर्यतही यंदापासोन यंत्रयुक्त करावी. कर्णपिशाच, पंख, घसरआवर, सर्व बसवावें. लोकांस वेग पाहिजे, वेग वाढेल. निकालही आधीं कळेल, म्हणजे गोंधळ होणार नाहीं." सरकारस्वारी मान डोलवूं लागली. तों स्त्रियांचे बैठकींतून काठीचा आवाज आला. बाईसाहेब उठोन उभ्या होत्या. म्हणाल्या, "पंत, निकाल आधीं कळणार असेल तर शर्यत कशास भरवितां? मांडव घालावा, निकाल वाचावा, लाडू वांटावे आणि लोकांस घरीं धाडावें. पेट्रोलही वांचेल." दरबारांत हंशा पिकला. पंत हंसले नाहींत. म्हणाले, "बाईसाहेब थट्टा करितात. पण ज्या घाटांत माणसें मेलीं, त्यांचे घरच्यांस ही थट्टा ऐकवाल काय? यंत्रानें जीव वांचतात." हें बोलणें खोटें नव्हतें. बाईसाहेबांस सहावी मोड आठवली, खालची दरी आठवली. मग म्हणाल्या, "जीव वांचविणारें यंत्र मी काढा म्हणत नाहीं. शिरस्त्राण असूं द्या, पट्टे असूं द्या, मोटारीचे आंत लोखंडी पिंजरा असूं द्या, आग विझविणारी नळी असूं द्या, कठडे दुप्पट बांधा, त्यास माझे पागेंतून माणसें देतें. परंतु पंत, कर्णपिशाच कोणाचा जीव वांचवितें? पंख कोणाचा जीव वांचवितो? तुम्ही जीवाचें नांव पुढें करितां आणि त्याचे आडून जिंकणें वांटून देतां. धैर्य नको, नजर नको, चूक नको, तर मग स्वार तरी कशास बसवितां? त्याचे जागीं एक पोतें ठेवा. पोतें, जी, म्हणत नाहीं, एवढाच फरक."

पंत लाल जाहले. म्हणाले, "बाईसाहेबांचे पागेंत तर राज्यांतील सर्वांत उत्तम यंत्रें आहेत. त्यांनीं बोलावें काय?" बाईसाहेब म्हणाल्या, "म्हणोनच बोलतें. जिचें घर भरलें आहे तिनें बोलावें, नाहींतर तुम्ही म्हणाल, हरणारी रडते. सरकार, मी पालट मागतें." दरबार चपापला. तरुण मंडळीस पालट म्हणजे काय तें ठाऊकही नव्हतें. म्हाताऱ्यांनीं त्यांचे कानांत सांगितलें. पालटेची रीत सुभानजीबावांचे काळची. ज्याचे घरीं ढाल, त्यास हा हक्क, कीं आव्हान देणाऱ्या घराण्याशीं मोटारी बदलोन धांवावें. माझे मोटारींत तुझा स्वार, तुझे मोटारींत माझा स्वार. पायरीवर नांव कोरावें तें जिंकणाऱ्या स्वाराचें, आणि ढाल जावी ती जिंकणाऱ्या मोटारीचे घरीं. म्हणोन पालटेंत वैऱ्यास मोटार देतांना उत्तम द्यावी लागे, कारण ती आपलेच घरची लाज. आणि स्वारानें वैऱ्याची मोटार जीव तोडून हांकावी लागे, कारण पायरीवर नांव आपलेंच. कोणी हरावयासाठीं जाणोन वेगाचे कळीवरला पाय उचलला तर त्या घराण्याशीं सोयरीक होत नसे. यंत्रें आलीं तशी ही रीत मोडली, कारण एकाची मोटार दुसऱ्याचा हातच ओळखेना. बाईसाहेब म्हणाल्या, "आव्हान सोनगिरकरांनीं द्यावें, पालट मी मागतें. जीव वांचविणारें सर्व राहील, निकाल ठरविणारें सर्व निघेल." सरकारस्वारीनें पंतांकडे पाहिलें. पंतांनीं झटकन मनांत हिशेब मांडिला आणि त्यांचे ओंठांवर हंसूं आलें. म्हणाले, "मान्य आहे, सरकार. यंत्रें काढलीं तरी करंजवण्यांचे मोटारीचा जोर सोनगिरकरांचे मोटारीहून किती तरी अधिक. तींत कोणीही बसो, तीच जिंकणार, आणि ढाल बाईसाहेबांचेच घरीं राहणार. बाईसाहेबांनीं मोठी युक्ति केली." हें ऐकोन दरबारांत कुजबूज जाहली, आणि बाहेर गांवांत ती वाऱ्यासारखी पसरली, कीं म्हातारीनें सोनगिरकरांचे पोराचें नांव कोरवावें आणि ढाल दडपावी ऐसा डाव केला आहे.

बाईसाहेब दुसरे दिवशीं सोनगिरकरांकडे गेल्या. बळवंतराव पागेचे दारांत लांकडी खुर्चीवर बसले होते. गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती. म्हणाले, "या बाई. हिशेब पक्का केलात कीं. नांव आमचे नातवाचें, ढाल तुमची." बाईसाहेब म्हणाल्या, "बळवंतराव, तुम्हींही?" ते म्हणाले, "मी नाहीं म्हणत. गांव म्हणतें. मी एवढेंच म्हणतों, चाळीस वर्षांत तीनदां ढाल परत पाठविली ती अशासाठीं नव्हे कीं तुम्ही ती लाडानें पदरांत टाकावी. मुद्दाम हरोन द्यायची असेल तर आणूं नका." बाईसाहेबांस हे शब्द लागले. म्हणाल्या, "माझी नात रेणुका तुमचे मोटारींत बसेल. ती जिंकली तर ढाल तुमची. आणि ती जिंकेल ती माझे सर्वांत उत्तम मोटारीस मागें टाकूनच जिंकेल. यांत लाड कोठें दिसतो?" बळवंतरावांनीं पागेकडे मान वळविली. मग म्हणाले, "आणि आमचा हैबत तुमची मोटार सोडणार नाहीं, हें ध्यानीं ठेवा. हैबत्या, इकडे ये." नातू हैबत, पंचविशीचा, हातांस ग्रीस, येवोन उभा राहिला. आजोबा म्हणाले, "घरची ढाल घरीं यावी म्हणोन वर कोठें पाय उचललास, तर खालीं उतरूं नको. वरच देवळांत राहा." हैबत म्हणाला, "आबा, मला ढाल नको. मला त्या मोटारींत बसायला मिळतंय, तेवढं पुरे." आणि बाईसाहेबांकडे पाहोन जीभ चावली. बाईसाहेबांस तें पोर आवडलें, पण त्यांनीं तें तोंडावर दिसूं दिलें नाहीं.

घरीं आल्या तों पागेचे कारभारी वाट पाहत होते. हळूच म्हणाले, "बाईसाहेब, आपली इच्छा समजली. आपले मोटारीचे टायरांत हवा जरा कमी ठेवली, इंजिनाची एक झडप थोडी ढिली सोडली, तर कोणास कळणार नाहीं, आणि ढाल बिनबोभाट..." त्यांचें वाक्य पुरें जाहलें नाहीं. बाईसाहेब म्हणाल्या, "कारभारी, तुम्ही आमचे पागेंत किती वर्षें आहां, हें आज विचारीत नाहीं, किती वर्षें राहाल, हें सांगतें. ऋण फेडावयाचें तें लबाडीनें? त्या माणसानें माझे मोटारीस दोर बांधिला तेव्हां गांठ ढिली ठेविली नव्हती. टायर नवे घाला. इंजिन उघडोन साफ करा. शर्यतीचे दिवशीं ही मोटार वाऱ्यासारखी धांवली पाहिजे, नाहींतर तुम्ही पायीं चालूं लागाल." मग रेणुकेस बोलाविलें. रेणुका बाईसाहेबांचे कन्येची कन्या, बाप घरजांवई म्हणोन नांव करंजवण्यांचेंच, बारीक अंगाची, हट्टी, चक्रीचे शर्यतींत कर्णपिशाचाशीं भांडल्यामुळें दोन वेळां दंड भरलेली. ती म्हणाली, "आजी, मी आपलीच मोटार हरवायची?" बाईसाहेब म्हणाल्या, "होय." ती म्हणाली, "आणि हरलें तर?" बाईसाहेबांनीं तिचे खांद्यावर हात ठेविला. म्हणाल्या, "हरलीस तर मी ऋणांतच मरेन, त्यांत नवें कांहीं नाहीं. पण सोडलंस असं मला दिसलं, तर तें ऋण तुझ्या डोक्यावर बसेल. माझें वय तें उचलून सरलें. तुझें सरूं नये."

मार्गशीर्षांत शर्यतीचा दिवस उगवला. घाटाचे दोहों बाजूंस माणूस दाटलें, झाडांवर पोरें, गच्च्यांवर बायका. चक्रीची शर्यत पाहावयास त्या वर्षीं जितके आले नव्हते तितके येथें भल्या पहाटे येवोन बसले होते, कारण येथें काय होईल तें कोणास ठाऊक नव्हतें. पंतांनीं तरीही आपलें भाकितयंत्र पायथ्याशीं आणोन पडद्यावर लिहविलें, करंजवण्यांची मोटार, निःसंशय. लोकांनीं वाचिलें आणि शेंगा खात राहिले. स्वार मोटारींत बसण्याआधीं समोरासमोर आले. रेणुका सोनगिरकरांचे जुन्या मोटारीकडे पाहोन म्हणाली, "हिचं दार आंतून उघडत नाहीं वाटतं?" हैबत म्हणाला, "बाहेरून हात घालायचा. आणि तिसरा गिअर रुसका आहे, त्याला थांबायचं नाहीं, एकदम टाकायचा. आणि हात घाबरत नाहीं ना तुमचा? उजवीकडे ओढते ती." रेणुका म्हणाली, "इतकं सांगतोस कशाला? हरायचंय का?" हैबत म्हणाला, "मोटार आमची आहे. तिची इभ्रत तुमच्या हातांत देतोय." मग रेणुकेनें त्यास करंजवण्यांचे मोटारीचा दांडगा जोर सांगितला, कीं एकदम पाय टाकूं नको, मागचा भाग फिरतो. ऐसें दोघांनीं आपापले घरची गुपितें एकमेकांस दिलीं, आणि पंत हें ऐकोन म्हणाले, "हे स्पर्धक आहेत कीं व्याही?" तोंवर दोघे एकमेकांचे मोटारींत जाऊन बसले होते.

मग निशाण पडलें. हैबतानें पाय टाकिला आणि मोटार अशी उसळली कीं पहिली मोड येण्याआधींच ती पुढें, आणि रेणुका तिचे धुरांत. पंत पडद्याकडे बोट करोन हंसले. दुसरे मोडीस अंतर वाढलें. बाईसाहेब बळवंतरावांसमवेत माथ्यावर, पायरीजवळ, खुर्च्या टाकोन बसल्या होत्या, सरकारस्वारीही शेंगा खात तेथेंच होती; तेथून खालच्या मोडी झाडांतून तुकड्यातुकड्यांनीं दिसत. बाईसाहेबांनीं काठीवर दोन्ही हात घट्ट धरिले. त्यांची मोटार सुंदर धांवत होती, आणि तिचें धांवणें पाहोन त्यांचे छातींत अभिमान आणि धास्ती एकदम उठत होती, आणि कोणती खरी हें त्यांस ठरवितां येईना. तिसरे मोडीस रेणुकेनें ब्रेक असा उशिरा दाबिला कीं बळवंतराव खुर्चींतून अर्धे उठले. म्हणाले, "ही तुमचीच." बाईसाहेब म्हणाल्या, "माझ्याहून बरी. मी त्या वयांत गेलें असतें दरींत." ते म्हणाले, "गेलां होतांच." बाईसाहेबांस हंसूं आलें आणि त्याच क्षणीं डोळ्यांस पाणी आलें, आणि त्यांनीं हंसूं आणि पाणी दोन्ही पदरानें पुसलीं. चौथे मोडीस रेणुका हैबताचे पाठीस लागली. सरळ रस्त्यावर तो निघोन जाई, वळणावर ती त्यास गांठी. पांचवे मोडीस तिनें आंतून तोंड घातलें, पुढें गेली, आणि लगेच चढावर तिसरा गिअर रुसला, आणि हैबत पुन्हां पुढें आला. लोक ओरडत होते, पण कोणाचे बाजूनें तें त्यांसही सांगतां आलें नसतें. सहावे मोडीस जेथें नवा कठडा होता, तेथें हैबताची मोटार जोरामुळें मागून फिरली. यंत्र असतें तर त्यानें तिला आवरलें असतें. हैबतानें हातानेंच आवरलें, चाक उलट फिरविलें, मोटार कठड्यास घांसोन सरळ जाहली, आणि पिंजऱ्यामुळें, पट्ट्यांमुळें त्यास खरचटलेंही नाहीं. पण तेवढ्यांत रेणुका बरोबरीस आली. दोघे जोडीनें सातवे मोडींत शिरले, बॉनेटास बॉनेट लावोन. हैबतानें पाय उचलला नाहीं. हें माथ्यावरच्या प्रत्येकानें पाहिलें. इंजिनाचा आवाज पडला नाहीं, धूर कमी जाहला नाहीं. रेणुकेनेंही उचलला नाहीं. तिनें मोडीचे आंतली कड अशी धरिली कीं उजवें चाक गवतावर आणि डावें डांबरावर, आणि जी मोटार उजवीकडे ओढते ती तिला उजवीकडेच ओढूं दिली. आणि मोड संपली तेव्हां सोनगिरकरांची जुनी मोटार करंजवण्यांचे नव्या मोटारीहून हातभर पुढें होती, आणि तशीच पायरीस लागली.

मग सगळा घाट एकदम ओरडला. पंत मोटारींत बसोन घाईनें वर आले. म्हणाले, "सरकार, यंत्राचे हिशेबीं हें बसत नाहीं. कांहीं तरी चूक आहे." सरकारस्वारी शेंगांचीं टरफलें अंगावरून झाडीत म्हणाली, "पंत, बऱ्याच वर्षांनीं आम्ही खुर्चीवर पुढें सरकून बसलों. ही चूक आम्हांस आवडली." पंत बाईसाहेबांकडे वळले, कीं आपण मुद्दाम आपली मोटार कमी ठेविली काय? बाईसाहेब उठल्या. म्हणाल्या, "जा. उघडोन पाहा. तुमचे सर्व कारकून लावा, झडप झडप मोजा. माझे घरची मोटार आज हरली ती उत्तम असोन हरली. तुम्हांस हें समजत नाहीं, कारण मोटारीचा जोर तुम्हीं मोजिला, आणि ती पोर मोजावयास विसरलां. दर वर्षीं विसरतां. आणि विसरणेंच दरबारांत विद्या म्हणोन मिरवितां." पंतांनीं मोटार उघडविली. टायर नवे, झडपा चोख, इंजिन लखलखीत. उघडणाऱ्या कारकुनानें तें सर्वांसमक्ष सांगितलें आणि पंत खालीं निघोन गेले. हैबत उतरोन रेणुकेजवळ गेला. म्हणाला, "कठड्याला घासली तुमची. रंग लावून देतो." ती म्हणाली, "राहूं दे. आजीला दाखवायचं आहे." पायरीवर रेणुका करंजवणे हें नांव कोरण्यास पाथरवट बसला, आणि त्याची छिन्नी वाजूं लागली.

मग बाईसाहेबांनीं ढाल मागविली. गाडींतून ती रेशमांत आली. बाईसाहेबांनीं रेशीम आपले हातें सोडिलें, ढाल दोन्ही हातांवर घेतली आणि बळवंतरावांपुढें उभ्या राहिल्या. कोणाचा आधार घेतला नाहीं, काठीही घेतली नाहीं. बळवंतराव ढालीकडे पाहत राहिले, हात पुढें करीनात. बाईसाहेब म्हणाल्या, "पाठवीत नाहीं, बळवंतराव. आणोन देतें. शर्यतींत आली आहे." ते म्हणाले, "तुमच्या पोरीनं सोडलं नाहीं, माझ्या पोरानं सोडलं नाहीं." बाईसाहेब म्हणाल्या, "मीही कांहीं सोडलें नाहीं." तेव्हां बळवंतरावांनीं हात पुढें केले आणि ढाल घेतली, आणि मांडीवर ठेविली, आणि बोटानें तिची कडा चांचपली. मग म्हणाले, "फिटलें, बाई." बाईसाहेब म्हणाल्या, "फिटलें." आणि मग खुर्चींत बसल्या, आणि त्यांनीं रेणुकेकडे पाणी मागितलें.

ऐसी सातमोडीची पालट. तात्पर्य इतकेंच कीं, जीव वांचविणारें यंत्र पूज्य मानावें, जिंकणें वांटणारें यंत्र शर्यतीचे वेशींबाहेर उभें करावें, आणि ज्यास निकाल सकाळींच पाहिजे त्यानें घाट चढूं नये, घरीं निजावें. सरकारनें त्याच मासीं घाटाचे शर्यतींतून भाकितयंत्र काढविलें, पालट पुन्हां सुरू केली, आणि चक्रीची शर्यतही तपासावयाचा हुकूम दिला. सोनगिरकरांचे दिवाणखान्यांत ढाल भिंतीवर लागली, तोंड लोकांकडे. करंजवणे घराण्यावर कोणाचें कांहीं देणें राहिलें नाहीं.